लक्ष्मीबाई टिळक : एका गृहिणीचे धर्मांतर

ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण बाईचे चरित्र बौद्धांच्या पाक्षिकात कशासाठी, असा प्रश्न काही उपासक-उपासिकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे सगळे धर्म पारखून पाहिले. त्यांत ख्रिस्ती धर्मही होता. अखेर त्यांनी आपल्याला तथागताच्या धम्माकडे नेले. तेव्हा ख्रिस्ती धर्माची थोरवी सांगण्यासाठी हा लेख नाही. परंतु धर्म बदललेल्या माणसाच्या घरात नवा धर्म कसा शिरतो, चुलीपर्यंत आणि पाण्याच्या घागरीपर्यंत पोहोचायला त्याला किती दिवस लागतात, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या आयुष्याविषयी ज्या खरेपणाने लिहून ठेवले आहे, तसे मराठीत फार थोड्यांनी लिहिले असेल. आणि हा प्रश्न आज आपल्या घरांतून उभा आहे. नवरा नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो, बावीस प्रतिज्ञा म्हणतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. घरी आई देव्हाऱ्यापुढे बसलेली असते. बायकोने लेकराच्या दुखण्यात मरीमायला बोललेला नवस अजून फेडायचा असतो. आमच्या समुद्रपूर-हिंगणघाट भागात हे घरोघर पाहायला मिळते, आणि अन्यत्रही निराळे नसावे.

टिळक म्हटले की पुण्याचे लोकमान्य डोळ्यांपुढे येतात. त्यांचा येथे संबंध नाही. हे टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. वडिलांना सोवळ्याचे वेड होते. वेड हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना इंग्रज सरकारने फाशी दिली. त्या धक्क्यानंतर शिवाशिवीची भीती त्यांच्या मनात अशी बसली की ती मरेपर्यंत गेली नाही. बाजारातून आलेला जिन्नस पाण्यातून काढल्याशिवाय घरात यायचा नाही. त्यातून मीठसुद्धा सुटत नसे. मीठ धुतल्यावर काय उरते ते कोणत्याही गृहिणीला विचारावे. धुणे, वाळवणे, पुन्हा धुणे, यातच घरातल्या बायांचा जन्म जाई आणि कुणी चुकले तर घर डोक्यावर घेतले जाई. आपल्या लोकांची सावली ज्या विटाळाच्या नावाने टाळली जात होती, त्याच विटाळाने त्या घरातल्या बायकाही गांजलेल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थेरीगाथेत पुण्णा थेरीची कथा येते. ती अनाथपिंडिकाची दासी होती, कडाक्याच्या थंडीतही नदीवर पाणी भरायला जात असे. पाण्यात बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की पाण्याने माणूस शुद्ध होत असेल, तर मग बेडूक आणि कासवे सगळ्यांच्या आधी स्वर्गाला जायला हवीत, नाही का? जलालपूरच्या त्या घरात असे विचारणारे कुणी नव्हते.

अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरा अठरा वर्षांचा होता. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातील करजगावचा. बुद्धी तल्लख, संस्कृत उत्तम, शीघ्रकवी, वक्ता; पण एका जागी पाय ठरायचा नाही. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा आणखी काही. राग नाकाच्या शेंड्यावर. घरात दाणा आहे की नाही याची खबर नाही आणि चार पैसे हाती आले तर ते पहिल्या गरजवंताला देऊन मोकळे. अशा माणसाचे जग कौतुक करते. त्याच्या बायकोला मात्र उधारीचे पीठ शोधावे लागते. लक्ष्मीबाईंनी हे सगळे पुढे हसत हसत लिहिले, पण ते हसू वाचताना पुष्कळदा घशात अडकते. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, नवऱ्याकडून आणि तुकड्या-तुकड्याने.

फिरत फिरत हे जोडपे आपल्या नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक संस्कृत ग्रंथांचे काम करीत. त्यांनी ऋषि नावाचे एक मासिकही चालविले. हिंदू धर्मात काहीतरी सुधारावे, जातिभेद मोडावा, असे त्यांच्या मनात घोळू लागले होते. मुले होत होती आणि जात होती. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा हाती लागला. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता डब्यात एका गोऱ्या पाद्र्याशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी ते पुस्तक वाचून काढले. डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात घर करून राहिले. पुढे दीड-दोन वर्षे मनाची ओढाताण चालली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला त्यांनी आधी विश्वासात घेतले नाही. संशय तिला येतच होता, पण बातमी आली ती झाल्यावर आली.

मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा जागी चरित्रकार घाईने पुढे सरकतात. आपण थोडे थांबू. सव्वीस वर्षांची बाई, कडेवर तीन-चार वर्षांचे पोर, शिक्षण नाही, मिळकत नाही. नवरा जिवंत, पण लोकांच्या लेखी मेलेला. कुंकू लावावे की पुसावे हे आप्तेष्ट ठरविणार. तिला जीव नकोसा झाला, दुःखाने ती आजारी पडली. पंढरपूरला बहिणीच्या घरी तिने आश्रय घेतला. नाशिक-पंढरपूर अशी जवळजवळ साडेचार-पाच वर्षे ताटातुटीत गेली. याच काळात तिच्या तोंडून पहिल्या कविता बाहेर पडल्या. नवरा-बायकोच्या पत्रांतून ओव्या आणि श्लोक येऊ-जाऊ लागले. पुढे भरली घागर या नावाने तिच्या कविता छापल्या गेल्या.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित माणसाला, जोडीदार नांदायला येत नसेल तर, जुने लग्न मोडून घेण्याची वाट मोकळी होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकवीत राहिले आणि वाट पाहत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, पूजाअर्चा निराळी. टिळकांनी अमुकच खा, तमुक सोड, असा हट्ट धरला नाही. एरवी तापट असणारा हा माणूस येथे शांत राहिला. आपल्या बांधवांनी हे नीट पाहावे. काही घरांत दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी नवरा रागाच्या भरात देव नदीत टाकून येतो, बायको रडते, आणि महिन्याभरात तेच देव कणगीमागे पुन्हा येऊन बसतात. देव गेले पाहिजेत याबद्दल दुमत नाही, प्रतिज्ञा तशीच आहे. पण जिच्या मनातून ते गेले नाहीत तिच्या घरातून ते किती दिवस बाहेर राहणार?

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाची जागा आली. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनने ज्यांना ख्रिस्ती केले होते त्यांतील बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजाचे होते. म्हणजे लक्ष्मीबाई ज्या वस्तीत येऊन राहिल्या, तेथे त्यांच्याभोवती आपल्याच आयाबहिणी होत्या. त्या बाया लक्ष्मीबाईंच्या आधी ख्रिस्ती झालेल्या, प्रार्थना म्हणणाऱ्या, काही तर लिहिता-वाचता येणाऱ्या. आणि ही नवीन आलेली बाई त्यांच्या हातचे पाणी घेत नाही, पदर सावरून बाजूने जाते. लक्ष्मीबाईंनी आपला हा काळ लपविला नाही, यासाठी त्यांचा मान राखला पाहिजे. पण जिच्या हातचे पाणी नाकारले गेले, तिला काय वाटले असेल? अशा बायांची चरित्रे आपल्याला वाचायला मिळत नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत लांबून ओंजळीत पाणी घेतले आहे, त्यांना ते कुणी सांगण्याची गरज नाही.

हे सोवळे चालले कसे, तर मोठ्या हालाने. पाणी स्वतः भरायचे, ब्राह्मण पाणक्या मिळाला तर तो शोधायचा, प्रवासात उपाशी राहायचे, नवऱ्याचा स्पर्श झाला तरी मन चरकायचे. वडिलांच्या घरातली मीठ धुण्याची रीत मुलीच्या अंगात मुरलेली होती. अशी एकदा त्या विचार करीत बसल्या. कुणी उपदेश केला नव्हता, कुणी धाक घातला नव्हता. त्या स्वतःशीच विचारू लागल्या की या जाती केल्या कुणी, देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जसा डोळ्यांना दिसणारा फरक आहे तसा माणसांत दिसला असता. माणसांत पाहावे तर पुरुष आणि स्त्री एवढाच भेद दिसतो. मग बाकीचे सगळे माणसांनीच उभे केलेले. आणि जे माणसांनी उभे केले ते आपण का वाहायचे? तिथेच त्यांनी ठरविले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे. मनावरचा धोंडा उतरल्यासारखे त्यांना झाले. मग त्यांनी ते टिळकांना सांगितले.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जे सांगितले, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. परंपरेने आले म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. लक्ष्मीबाईंना कालामसुत्त माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि त्यांचा पुढचा मार्ग ईश्वराच्या कृपेचा होता. आपला मार्ग तो नव्हे. आपण कुणा तारणाऱ्यावर भार टाकीत नाही. पण जातीचे जोखड त्यांनी फेकले ते कृपेने नव्हे, स्वतःच्या बुद्धीने. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी पाणी प्यायल्या, मग धर्म घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्या ओळखीचे असे पुष्कळ लोक आहेत की ज्यांनी धर्म आधी घेतला, पण मांगाच्या घरचे पाणी अजून घेतलेले नाही. हे लिहिणे कडू आहे, तरी लिहिणे भाग आहे. वरच्याने आपल्याला शिवू नये याचा आपल्याला संताप येतो, आणि आपण ज्याला खालचा समजतो त्याच्या मुलीची सोयरीक आली की आपलीही मान दुसरीकडे वळते. आनंद भन्तेंनी चांडाळकन्या प्रकृतीकडे पाणी मागितले ही कथा आपण विहारात ऐकतो आणि आवडीने सांगतो. ती आपल्याच गल्लीत घडायची म्हटले म्हणजे अवघड जाते.

त्यातही एक फरक आहे, तो झाकून ठेवता येणार नाही. लक्ष्मीबाईंना सोडायचा होता मोठेपणा. आपल्याला सोडायचा होता लादलेला कमीपणा. मोठेपणा सोडणाऱ्याला नातलग सोडतात, समाज नावे ठेवतो, पण जग त्याचा त्याग म्हणून गौरवही करते. कमीपणा झुगारणाऱ्याला गावाचा बहिष्कार भोगावा लागतो आणि त्याला त्याग असे कुणी म्हणत नाही. १९५६ नंतर गावकीची कामे नाकारली म्हणून आपल्या माणसांनी जे सोसले, त्याची नोंद कोणत्या पुस्तकात सापडणार? म्हणून लक्ष्मीबाईंचा आदर करताना आपल्या आजीला विसरू नये. मेलेले ढोर ओढणे तिने बंद केले, घरात चूल पेटली नाही तरी ती मागे फिरली नाही.

ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंच्या घराचे दार जे उघडले ते पुन्हा बंद झाले नाही. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने नगर भागात पोरक्या मुलांची संख्या वाढविली होती. टिळकांच्या घरात अशी मुले येत, राहत, मोठी होत. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांची लेकरे आता याच बाईच्या पंगतीत जेवीत, तिच्याकडून न्हाऊन-माखून घेत. तारा ही मानलेली मुलगी पोटच्या मुलीसारखी वाढली. कवी बालकवी ठोमरे हेही काही काळ या घरात होते, त्यांनाही लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. प्लेगच्या साथीत लोक आपल्या माणसालाही टाकून पळत होते, तेव्हा त्यांनी आजारी मुलांची शुश्रूषा केली. त्यांचा धर्म पाहायचा तर तो येथे पाहावा. प्रार्थनामंदिरात त्या जात, पुढे कीर्तनेही करू लागल्या, पण त्यांची श्रद्धा मुख्यतः वाढली ती पोळपाटाजवळ आणि आजाऱ्याच्या उशाशी. आपल्याकडे याला मैत्री आणि करुणा म्हणतात. पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून वंदना म्हणणे सोपे आहे. शेजारच्या घरातील तापाने फणफणलेल्या पोराजवळ रात्र काढणे तितके सोपे नाही.

टिळकांच्या मनातील तळमळ मात्र शांत झाली नाही. मिशनचे साहेबी वळण त्यांना रुचत नव्हते. ख्रिस्ती झाला म्हणजे मराठी माणसाने आपली भाषा, आपली भजने आणि कीर्तन का टाकावे, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी ख्रिस्ती मंडळींना गायला मराठी पदे दिली, अभंग रचले. ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादन ते १९१२ पासून अखेरपर्यंत करीत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास देवाचा दरबार नावाचे मंडळ उभारले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. ते मंडळ रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांची तळमळ खरी होती, पण दुखणे साहेबी वळणाएवढेच नव्हते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर इंग्रजीत सविस्तर लिहून ठेवले आहे. ते लेखन १९८९ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. धर्म बदलूनही जात चर्चमध्ये शिरली, काही ठिकाणी बसण्याच्या जागासुद्धा वेगळ्या राहिल्या, जुने संस्कार सुटले नाहीत, आणि मिशनऱ्यांनी त्याकडे काणाडोळा केला, असे त्यांचे निदान होते. लक्ष्मीबाईंसारखी एखादी बाई विचार करून जात टाकते, तेवढ्याने त्या समाजातील जात गेली असे होत नाही. नागपूरला दीक्षा देताना बाबासाहेबांनी केवळ शरणगमनावर न थांबता बावीस प्रतिज्ञा का घातल्या, त्याचे उत्तर या निदानात सापडते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी व माईसाहेबांनी दीक्षा घेतली ती एकाच वेळी, शेजारी-शेजारी उभे राहून. बायकोला मागाहून कळवायचे, हे तेथे घडले नाही.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. टिळकांचे ख्रिस्तायन हे ओवीबद्ध महाकाव्य पहिल्या दहा-साडेदहा अध्यायांवर थांबले होते. शाळेत न गेलेल्या या बाईने ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी केला. ते सारे १९३८ मध्ये छापून निघाले. पण त्यांचे नाव राहिले ते स्मृतिचित्रे या आत्मचरित्रामुळे. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यातील मराठी ही घरात बोलली जाते ती मराठी आहे. ज्यांना मोठे ग्रंथ वाचण्याचा सराव नाही अशा आपल्या भगिनींनीही ते हाती धरावे, एकीने वाचावे आणि चौघींनी ऐकावे. विहारात दुपारी असे वाचन सहज होऊ शकते. त्यात देवाचा उल्लेख येईल तेथे आपला विचार आपल्याजवळ ठेवावा आणि पुढे वाचावे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि मंदिराचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर चार महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई नाशिक येथे वारल्या. ज्या जलालपुरात त्यांचे वडील मीठ धुवून घेत होते, ते तेथून हाकेच्या अंतरावर आहे.